रिपोर्टातला लाल 'एल' आणि अ जीवनसत्त्वाची कॅप्सूल

वाचकाचं पत्र, थोडं आटोपतं करून:

"डॉक्टर मॅडम, मी कराडजवळ राहते, बँकेत नोकरी करते. मुलगा साडेपाच वर्षांचा, मुलगी पुढच्या आठवड्यात नऊ महिन्यांची होईल. मुलाला मोठ्या शाळेत घातल्यापासून जून ते डिसेंबर सहा वेळा सर्दी-खोकला झाला. कंटाळून एका लॅबमध्ये 'इम्युनिटी पॅकेज' केलं. त्यात आयजीए (हे एक प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी) ६२ आलं. समोर लाल अक्षरात 'एल', आणि नॉर्मल म्हणून ७० ते ४०० छापलेलं. माझा भाचा एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करतोय. तो म्हणाला, 'मावशी, अ जीवनसत्त्वाने आयजीए वाढतं, पेपर आहेत त्यावर.' मेडिकलमधून २५ हजार युनिटच्या कॅप्सूल आणल्या. गेले बारा दिवस एक दिवसाआड एक देतेय. सासूबाई म्हणतात, शेवग्याचा पाला घाल पोटात, गोळ्या कशाला. तशात त्याच्या कार्डावर अ जीवनसत्त्वाचे मधले दोन-तीन डोस चुकलेले दिसतात. धाकटीला आता गोवर-रुबेलाची लस आहे. लस चांगली लागू पडावी म्हणून तिला आधीपासून थेंब सुरू करू का? आणि आशाताई लशीबरोबर जो डोस देतात तो घ्यायचा की नाही? ता. क. मी चेहऱ्याला एक क्रीम लावते, त्यावर रेटिनॉल लिहिलंय. धाकटी अंगावर पिते. चालेल ना?"

ताई,

बाकीचं सावकाश बोलू. आधी ती कॅप्सूलची पट्टी मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवून द्या. आजची कॅप्सूल देऊ नका, परवाचीही नको.

घाबरवत नाही, हिशेब मांडते. बारा दिवसांत सहा कॅप्सूल, म्हणजे दीड लाख युनिट. सरकारी कार्यक्रमात वर्षावरच्या मुलाला दर सहा महिन्यांनी एका वेळी २ लाख युनिट पाजतात. तेव्हा आजवर पोटात गेलं त्याने अनर्थ झालेला नाही. पण सरकारी डोसानंतर सहा महिने काही द्यायचं नसतं, आणि तुम्ही थांबणार नव्हता. असंच तीन महिने चाललं असतं तर आकडा ११ लाखांच्या वर गेला असता.

एक युनिट म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम रेटिनॉल, अ जीवनसत्त्वाचंच एक रूप. तुमची एक कॅप्सूल ७,५०० मायक्रोग्रॅमची. या वयाच्या मुलाला रोज, सतत घेण्यासाठी वरची हद्द ९०० मायक्रोग्रॅम मानतात. एक दिवसाआड धरलं तरी रोजची सरासरी हद्दीच्या चौपट होते. जास्तीचं क जीवनसत्त्व लघवीतून निघून जातं. अ जीवनसत्त्व तेलात विरघळणारं, ते यकृतात घर करतं. मुलगा डोकं दुखतंय म्हणाला का? सकाळी उलटी झाली? ओठ फुटून सालं निघतात, हाडं दुखतात? यातलं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि जाताना पट्टी बरोबर न्या. नसेल तर काही तपासण्या करत बसू नका.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेत टेक्सासमध्ये गोवराची साथ आली. तिथे घरच्या घरी अ जीवनसत्त्व पाजलेली काही मुलं गोवरासाठी रुग्णालयात आली, तेव्हा त्यांच्या यकृताच्या तपासण्याही बिघडलेल्या निघाल्या. पालक वाईट नव्हते, त्यांनीही कुठेतरी वाचलंच होतं.

आता तो लाल 'एल'.

७० ते ४०० हा पल्ला मोठ्या माणसांचा आहे. जन्मलेल्या बाळाच्या रक्तात आयजीए जवळजवळ नसतंच. ते वर्षावर्षाने चढत जातं आणि वयात येईपर्यंत मोठ्यांच्या पातळीला पोचतं. साडेपाच वर्षांच्या मुलाला ६२ अगदी शोभून दिसतं. लॅबच्या संगणकात एकच तक्ता भरलेला असतो, वय कितीही असो, आकडा ७० च्या खाली गेला की तो 'एल' छापतो. माझ्या ओपीडीत असे कागद घेऊन आलेल्या आया मी इतक्या पाहिल्यात की शेवटी शेवटी मी बोलायच्या आधी पेन काढायची आणि ते '७० ते ४००' खोडून मग कागद परत द्यायची. पॅकेज विकताना 'इम्युनिटी' हा शब्द मोठा छापतात, वयाप्रमाणे तक्ता छापायला मात्र जागा उरत नाही.

आणखी एक गंमत आहे. हा आकडा रक्तातल्या आयजीएचा. नाक, घसा, आतडं यांच्या अस्तरावर पहारा देणारं आयजीए त्या अस्तराच्या भिंतीतच तयार होतं आणि तिथल्या तिथे बाहेर ओतलं जातं. मोठ्या माणसाच्या शरीरात असं रोज ३ ते ५ ग्रॅम आयजीए बनतं, त्यातलं बहुतेक आतड्यात. बाकी सगळ्या जातींची प्रतिपिंडं एकत्र केली तरी इतकी भरत नाहीत. ते रक्ताच्या नळीत सापडायचं नाही. म्हणजे ज्याची काळजी वाटून तुम्ही पैसे भरले, ते त्या रिपोर्टात मोजलेलंच नाही.

वर्षाला सहा-आठ सर्द्या या वयात नेहमीच्या. शाळेचं पहिलं वर्ष असेल तर दोन-चार जास्तच. तो मधल्या काळात खेळतो, जेवतो, वजन धरतो ना? मग प्रतिकारशक्ती आपलं काम करतेय. वर्षात दोनदा न्यूमोनिया, पुन्हा पुन्हा पिकणारी गळवं, महिनोन्महिने न वाढणारं वजन, असं काही असेल तेव्हा प्रतिपिंडांची तपासणी करायची, आणि ती वाचायची बालरोगतज्ज्ञांनी.

भाच्यावर रागावू नका. तो खोटं बोललेला नाही, फक्त अर्धंच बोलला. उरलेलं अर्धं मला फार आवडतं, म्हणून इथे जरा रेंगाळते.

जेवणातलं अ जीवनसत्त्व यकृतात साठतं आणि लागेल तसं रेटिनॉल म्हणून एका वाहक प्रथिनाबरोबर रक्तात निघतं. डोळ्यात त्याचं रेटिनल होतं, अंधारातली नजर त्यावर चालते. इतर पेशींमध्ये याच रेटिनलवर आणखी एक पायरी होऊन रेटिनॉइक आम्ल तयार होतं. प्रतिपिंडांच्या गोष्टीत काम आहे ते या तिसऱ्याचं. ते पेशीच्या केंद्रकात शिरतं, तिथल्या ग्राहक प्रथिनाला (रिसेप्टरला) चिकटतं आणि कुठलं जनुक चालू राहील, कुठलं गप्प बसेल यात लक्ष घालतं. हे ग्राहक १९८७ मध्ये फ्रान्समध्ये पिएर शांबाँ आणि अमेरिकेत रॉन इव्हान्स यांच्या गटांना वेगवेगळे सापडले. अ जीवनसत्त्व कमी पडलं की जंतुसंसर्ग बळावतो, हे इंग्लंडमध्ये ग्रीन आणि मेलन्बी यांनी १९२८ मध्येच लिहून ठेवलं होतं. का बळावतो ते कळायला साठ वर्षं गेली.

प्रतिपिंडं बनवतात त्या बी पेशी. बी पेशीला जंतूचा तुकडा भेटला की ती आधी आयजीएम नावाचं घाईचं प्रतिपिंड काढते. मग साचा बदलते: कधी आयजीजी, कधी आयजीए, कधी ॲलर्जीत भेटणारं आयजीई. कुठला साचा घ्यायचा ते ती मनाने ठरवत नाही. शेजारच्या टी पेशी आणि अस्तराच्या पेशी तिला रासायनिक निरोप पाठवतात. इंटरल्यूकिन-४ चा निरोप आला तर कल आयजीईकडे, टीजीएफ-बीटाचा आला तर आयजीएकडे. इंटरल्यूकिन-५ आणि ६ आले की बनवण्याचा वेग वाढतो.

रेटिनॉइक आम्ल यात कुठे येतं? आतड्याच्या भिंतीत लिंफ पेशींचे (बी आणि टी पेशी त्यातल्याच) छोटे छोटे गठ्ठे असतात, पेयर्स पॅचेस म्हणतात त्यांना. तिथल्या डेंड्रायटिक पेशी आल्यागेल्या जंतूंचे नमुने गोळा करून लिंफ पेशींना दाखवतात. या डेंड्रायटिक पेशींकडे रेटिनॉइक आम्ल बनवायचं विकर (एन्झाइम) स्वतःचं असतं. शरीरात इतर ठिकाणच्या त्यांच्या बहुतेक बहिणींना ते जमत नाही. जपानमध्ये माकोतो इवाता आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं, की या आम्लाचा स्पर्श झालेली टी पेशी अंगावर आतड्याचा पत्ता लावून घेते आणि रक्तातून फिरत बरोबर आतड्यात उतरते. दोन वर्षांनी हार्वर्डच्या गटाने बी पेशींबद्दल तेच दाखवलं. अ जीवनसत्त्व अजिबात न मिळालेल्या उंदरांच्या लहान आतड्यात आयजीए बनवणाऱ्या पेशी जवळजवळ शिल्लकच नव्हत्या. भाच्याचा पेपर बहुधा हाच असावा.

तुमच्या माहेरी-सासरी कोणी झेडपीचे शिक्षक असतील तर बदलीचा आदेश काय असतो ते तुम्हाला ठाऊक असेल. शाळा कुठली, पद कुठलं, हजर कधी व्हायचं, सगळं त्या कागदावर. रेटिनॉइक आम्ल म्हणजे तो कागद. कागद आलाच नाही तर शिक्षक घरी बसून राहतो आणि शाळा ओस पडते. पण एका आदेशाच्या दहा झेरॉक्स काढल्या म्हणून शाळेत दहा शिक्षक हजर होत नाहीत. शिवाय आदेशावर बाकीच्या सह्या-शिक्के लागतात. हार्वर्डच्या त्याच कामात दिसलं, की रेटिनॉइक आम्लाने बी पेशीला आतड्याचा पत्ता मिळतो, पण आयजीए भरपूर ओतायचं तर जोडीला इंटरल्यूकिन-५ किंवा ६ हवं. तुमच्या कॅप्सूलमध्ये कागद आहे, सह्या नाहीत. आणि तुमच्या लेकाकडे कागदाचा तुटवडा होता असं कुठे दिसतच नाही.

सह्या बदलल्या तर तोच कागद उलटं कामही करतो. एरवी टीजीएफ-बीटाच्या जोडीने रेटिनॉइक आम्ल आतड्यात शांतता राखतं, जेवणातल्या प्रथिनांवर शरीराला चिडू देत नाही. शिकागोत बाना जाबरी यांच्या गटाने २०११ मध्ये उंदरांवर दाखवलं, की आतड्यात इंटरल्यूकिन-१५ आधीच वाढलेलं असेल तर हेच आम्ल गव्हातल्या ग्लुटेनविरुद्ध दाह भडकवायला मदत करतं. एकच रेणू, संगत वेगळी, परिणाम उलटा. म्हणूनच 'अमुक खाल्लं की प्रतिकारशक्ती वाढते' हे वाक्य ऐकलं की मी विचारते, कुठली प्रतिकारशक्ती, कशाविरुद्ध आणि कुठल्या अवयवात?

लशीच्या बाबतीत माझ्या मते सगळ्यात सुंदर काम अमेरिकेतल्या कॅथरीन रॉस यांचं. त्यांनी अ जीवनसत्त्व तोडलेल्या उंदरांना धनुर्वाताची लस टोचली. प्रतिपिंडं फारच थोडी आली. जीवनसत्त्व परत दिलं तेव्हा प्रतिसाद ताळ्यावर आला. इथवर कोणीही अंदाज केला असता. मग त्यांनी या जीवनसत्त्वाला उपाशी असलेल्या उंदरांनाच लशीबरोबर जिवाणूच्या आवरणातला एक अंश टोचला, ज्याने शरीरात धोक्याची घंटा वाजते. जीवनसत्त्व नसतानाही प्रतिपिंडं वर आली. म्हणजे बी पेशी मेल्या नव्हत्या, विसरल्या नव्हत्या, त्यांना हाक ऐकू येत नव्हती. १९९१ मध्ये याच गटाने आणखी पुढचं दाखवलं: पहिल्या लशीला थंड प्रतिसाद देणाऱ्या उपाशी उंदरांतही लशीची आठवण पेरली जाते. पुढे विषाणूच्या आरएनएची नक्कल करणारं एक रसायन आणि रेटिनॉइक आम्ल अशी जोडी दिली, तेव्हा एकेकटं देण्यापेक्षा धनुर्वाताची प्रतिपिंडं कितीतरी जास्त आली. पुन्हा तेच, कागद आणि सही.

माणसांत? इंडोनेशियात रिचर्ड सेम्बा आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात, अ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या मुलांना आधी डोस दिला आणि दोन आठवड्यांनी धनुर्वाताची लस. डोस न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा यांची प्रतिपिंडं जास्त आली. 'कमतरता असलेल्या' हे शब्द सोडू नका, भाच्यालाही सोडू देऊ नका.

त्याच सेम्बांचं १९९५ चं काम तुमच्या धाकटीच्या प्रश्नाला थेट उत्तर देतं. सहा महिन्यांच्या बाळांना गोवराची लस आणि त्याच वेळी अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस दिला. ज्या बाळांच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडं अजून शिल्लक होती, त्यांच्यात लस लागू पडण्याचं प्रमाण उलट घटलं. गोवराची लस जिवंत पण दुबळ्या विषाणूची असते, तो थोडा वाढला तरच शरीर शिकतं. आईची प्रतिपिंडं आणि जीवनसत्त्वाने सावध झालेलं शरीर यांनी मिळून त्याला वाढूच दिलं नाही, असा त्याचा अर्थ लावतात. नऊ महिन्यांना आईचा वाटा बराच ओसरलेला असतो. पश्चिम आफ्रिकेत गिनी-बिसाऊमध्ये त्या वयात लस आणि डोस एकत्र देऊन पाहिलं, तिथे अशी घट आढळली नाही.

तेव्हा धाकटीसाठी: आधीपासून थेंब अजिबात नकोत. लशीच्या दिवशी आशाताई देतील तो डोस जरूर घ्या, नको म्हणू नका. मोठ्याच्या कॅप्सूलचा तिच्याशी काही संबंध नाही, तुम्ही तिला त्यातली दिलेली नाही ना? दिली असेल तर मात्र आशाताईंना आणि डॉक्टरांना आधी सांगा. बाटलीतलं औषध पिवळसर, तेलकट असतं, १ मिलिलिटरमध्ये १ लाख युनिट. सोबतचा चमचा २ मिलिलिटरचा असतो आणि त्याच्या आत निम्म्यावर एक खूण असते. नऊ महिन्यांच्या बाळाला त्या खुणेपर्यंत, काठोकाठ नाही. गर्दीच्या सत्रात नर्सबाईंचा हात चालत असतो, तुमची नजर चमच्यावर असू द्या. १ लाख युनिट म्हणजे तिची सुमारे तीन महिन्यांची गरज. एखाद्या बाळाला त्या दिवशी उलटी होते किंवा टाळू थोडी फुगल्यासारखी वाटते, एक-दोन दिवसांत जाते. पुढचा २ लाखांचा डोस सोळा ते अठरा महिन्यांत, गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या लशीबरोबर, मग पाचव्या वाढदिवसापर्यंत दर सहा महिन्यांनी. एकूण नऊ. कार्डावर प्रत्येक वेळी तारीख लिहून घ्या, कारण जत्रेत किंवा दुसऱ्या गावच्या शिबिरात पुन्हा कोणी पाजू नये. माझ्याकडे एकदा असं बाळ आलं होतं, एकाच आठवड्यात दोन ठिकाणी डोस घेतलेलं, कारण कार्ड आजोळी राहिलं होतं. उलट्यांनी बेजार झालं, दोन दिवसांनी खेळायला लागलं, पण त्या दोन दिवसांत आईचं वजन उतरलं.

हा डोस मुळात आहे कशासाठी, हेही सांगते, कारण त्यावर आपल्याकडे वाद आहे आणि तो तुमच्या कानावर येईल. १९८६ मध्ये आल्फ्रेड सॉमर यांच्या गटाने इंडोनेशियातल्या आचे प्रांतात दाखवलं, की सहा महिन्यांनी डोस दिल्याने लहान मुलांचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. १९९० मध्ये तमिळनाडूतल्या अभ्यासात दर आठवड्याला छोटा डोस दिला, तिथे घट निम्म्याहून जास्त होती. आणि २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या दहा लाख मुलांच्या प्रचंड अभ्यासाचा निकाल आला: घट फक्त ४ टक्के, तीही योगायोगाने असू शकेल इतकी. तेव्हापासून काही पोषणतज्ज्ञ म्हणतात, सरसकट डोस थांबवा, कमतरता असेल तिथेच द्या. मला त्यांचं म्हणणं फेकून देण्यासारखं वाटत नाही. पण २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या १८ टक्के मुलांत अ जीवनसत्त्व कमी सापडलं होतं. आपलं बाळ त्या अठरात की उरलेल्या ब्याऐंशीत, हे नुसतं बघून कळत नाही. रक्त तपासूनही नीट कळत नाही, कारण साध्या तापातसुद्धा वाहक प्रथिन उतरतं आणि रेटिनॉल खोटंच कमी दिसतं. त्यामुळे कार्यक्रम चालू आहे तोवर मी माझ्या नातीलाही तो डोस दिला आणि तुम्हालाही द्यायला सांगते.

गोवर झालेल्या मुलाची गोष्ट वेगळी. तिथे अ जीवनसत्त्व हे औषध आहे, वयाप्रमाणे ठरलेला डोस लागोपाठ दोन दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. केपटाऊनमध्ये १९९० च्या अभ्यासात गंभीर गोवराच्या मुलांना मृत्यू किंवा मोठी गुंतागुंत होण्याचा धोका त्याने निम्म्यावर आला. २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडीला, मालेगावला, भिवंडीला गोवर पसरला तेव्हा तिथेही हे डोस दिले गेले. पण लशीची जागा ते घेत नाहीत. २०१९ मध्ये हॉलंडमधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं, तर गोवराने त्यांची इतर रोगांविरुद्धची जमवलेली प्रतिपिंडं ११ ते ७३ टक्के पुसून टाकली होती. लेकाला प्रतिपिंडं हवीत म्हणून तुम्ही एवढी धडपड करताय, तर त्याची गोवर-रुबेलाची दुसरी लस झाली आहे का ते त्याच कार्डावर बघा. नसेल झाली तर धाकटीबरोबर त्यालाही घेऊन जा.

त्याचे चुकलेले डोस आता भरून काढायचे नाहीत. पाच वर्षांनंतर तो कार्यक्रम संपतो. इथून पुढे जेवण, आणि इथे सासूबाई जिंकल्या.

शेवग्याचा पाला, माठ, चवळई, अळू, मेथी, लाल भोपळा, गाजर, पिकलेली पपई, मोसमात आंबा. यात असतं ते बीटा-कॅरोटीन, शरीर त्यातून लागेल तेवढंच अ जीवनसत्त्व करतं. साठा भरला की रेटिनॉइक आम्लच हे रूपांतर करणाऱ्या आतड्यातल्या विकराला आवर घालतं, म्हणून भाजी खाऊन कोणाला विषबाधा होत नाही. फार तर गाजरं अति झाली तर तळहात पिवळे दिसतात. डोळ्यांचे पांढरे पांढरेच राहतात, कावीळ नव्हे ती. भाजीतलं १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन म्हणजे जेमतेम १ मायक्रोग्रॅम रेटिनॉल, आणि तेही सोबत तेल-तूप असेल तर. त्यामुळे पाला नुसता उकडून देऊ नका. लसणाची तेलातली फोडणी, वर डाळ किंवा शेंगदाण्याचं कूट. सासूबाई बहुधा असाच करत असतील. भाजीला नाक मुरडत असेल तर पाला चिरून थालीपिठाच्या पिठात मळा, भोपळा किसून पुऱ्यांत. अंडं खात असेल तर बलकासकट. मांसाहारी घर असेल तर पंधरा दिवसांतून एकदा कलेजीचे दोन तुकडे पुरे, त्यात तयार रेटिनॉल ठासून भरलेलं असतं, म्हणून रोज नको.

रताळ्याबद्दल मात्र गैरसमज आहे. बाहेरची माणसं रताळ्याचे गोडवे गातात ते आतून केशरी असलेल्या जातीचे. आपलं उपासाचं, लाल सालीचं, पांढऱ्या गराचं रताळं चवीला छान, पण अ जीवनसत्त्वाच्या खात्यात त्याची जमा नगण्य.

ता. क. चं उत्तर. क्रीममधून रक्तात जातं ते फार थोडं, तुमच्या दुधावर त्याचा परिणाम होईल अशी भीती नको. पण पाजताना बाळाचा गाल तुमच्या गालाला, हनुवटीला, मानेला घासतो आणि तिची कातडी नाजूक. रात्री शेवटचं पाजून झाल्यावर लावा, सकाळी धुऊन टाका. धाकटी रात्रीतून चारदा उठत असेल तर सरळ सहा महिने क्रीम राहू दे. मुरुमांसाठी पोटात घ्यायची आयसोट्रेटिनॉइनची कॅप्सूल कोणी सुचवली तर मात्र ठाम नाही म्हणा. ती रेटिनॉइक आम्लाचीच जुळी बहीण आहे, अंगावर पाजताना ती घेत नाहीत आणि गरोदरपणात तिने बाळात गंभीर व्यंग येतं. तिसऱ्याचा विचार मनात असेल तर घरात पडलेल्या त्या २५ हजारवाल्या कॅप्सूलही तुम्ही स्वतः घेऊ नका.